अर्धा कोड, अर्धी कादंबरी आणि महिन्याचं पत्र

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी नाशिकला असतो, आयटीत नोकरी करतो. फावल्या वेळात तीन वर्षं दोन गोष्टी चालू आहेत. एक कादंबरी, तिचे सुमारे ४०,००० शब्द झालेत. दुसरा त्या कादंबरीसाठीच लिहायला घेतलेला प्रोग्रॅम, ज्यात पात्रं, जागा, तारखा, प्रकरणं सगळं एकत्र ठेवता येईल. दर महिनाअखेरीस दहा-बारा मित्रांना ईमेलवर प्रगती कळवतो. गेलं वर्षभर त्या पत्रात प्रोग्रॅमबद्दल दोन पानं असतात आणि कादंबरीबद्दल एक ओळ. आजी वाडा सोडते ते प्रकरण तर सहा महिने अडलंय, कारण जुन्या नाशिकचा नकाशा प्रोग्रॅममध्ये बसवायचा राहिलाय. दोन्ही सांभाळता येतं का, की एक सोडावं? आणि हे कळवणं चालू ठेवावं का?"

सोडायची गरज नाही. मी गेली बावीस वर्षं पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि सकाळी कथा. एक कादंबरी, एक कथासंग्रह आणि दिवाळी अंकांतून आलेल्या वीसेक कथा एवढं हातून झालं. स्वतःच्या वापरासाठी केलेल्या प्रोग्रॅमपैकी चार आजही रोज चालतात. पण ही घडी बसण्याआधी माझी पाच-सहा वर्षं अगदी तुमच्यासारखी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रात्री साडेनऊला जेवणखाण उरकून लॅपटॉप उघडला की डोकं दमलेलं असतं. प्रोग्रॅमला हात घातला तर वीस मिनिटांत काहीतरी उत्तर मिळतं. लाल दिसणारी टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का याची आपोआप होणारी तपासणी, हिरवी होते, अडलेलं बटण चालू लागतं. कादंबरीचे तीन परिच्छेद लिहून उठलात तर ते जमलेत का हे सांगणारं कुणी नसतं. तुम्हाला स्वतःलाही ते दोन महिन्यांनी कळणार असतं. दमलेलं मन जिथं लगेच होकार मिळतो तिकडं वळतं. यात आळस नाही. पण एकाच रात्रीच्या दोन तासांत दोन्ही कामं बसवायचा बेत याच कारणानं टिकत नाही. दर वेळी प्रोग्रॅमच जिंकतो, आणि तुमची बारा महिन्यांची पत्रं तेच सांगतायत.

दुसरा फरक याहून मोठा आहे. अर्धा प्रोग्रॅम वापरता येतो. दहा सोयींपैकी तीनच झाल्या असतील तरी त्या तीन उद्यापासून कामाला येतात, बाकीच्या पुढच्या वर्षी. अर्धी कादंबरी वाचकाच्या काही उपयोगाची नसते. शेवट लिहून होईपर्यंत पहिल्या प्रकरणातलं काय राहणार आणि काय जाणार हे लेखकालाही माहीत नसतं. म्हणून या दोघांना एकाच पद्धतीनं हाकता येत नाही. प्रोग्रॅम छोट्या छोट्या तुकड्यांत पुरा होत जातो. कादंबरीला एकदा तरी शेवटापर्यंत वाईटसाईट का होईना चालत जावं लागतं.

अवजार करता करता मूळ काम मागं पडणं हे थोरामोठ्यांनाही झालंय. डोनाल्ड कनूथ यांच्या संगणकशास्त्रावरच्या ग्रंथमालेचा तिसरा खंड १९७३ मध्ये आला. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हातात आली, तेव्हा त्यातली छपाई त्यांना इतकी खटकली की अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम आपणच लिहायचा असं त्यांनी ठरवलं. वर्षभरात उरकेल असं वाटलेलं ते काम दशकभर चाललं. त्यातून टेक ही जुळणीची प्रणाली जगाला मिळाली, आज गणिताचे निबंध जगभर तिच्यावर जुळवले जातात. चौथ्या खंडाचा पहिला भाग मात्र २०११ मध्ये आला. त्यांनी केलं ते योग्यच होतं असं मी मनापासून मानतो, कारण ती अडचण हजारोंची होती. पण याच माणसानं १९७३ मध्ये ऑस्लोत हॉटेलची खोली घेऊन, गणितातल्या एका नव्या कल्पनेवरची छोटी कादंबरी आठवडाभरात लिहून काढली होती, हेही लक्षात ठेवा. गोष्ट लिहायला त्यांना कुठलं अवजार लागलं नाही. रिकामे सात दिवस लागले.

आता तुमच्या प्रोग्रॅमकडे येतो. मराठीत कथा लिहिणाऱ्याला स्वतःचा प्रोग्रॅम लागतो का? थोडासा लागतो, आणि तो कुठं लागतो हे मला लिहिता लिहिताच कळलं. माझी कादंबरी मिरजेतल्या सतारी-तंबोरे करणाऱ्या एका घराची आहे. २०१४ मध्ये तिचा पहिला खर्डा निम्म्यावर आला तेव्हा शब्द मोजायला मी पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली. तिनं १,४०,००० शब्द सांगितले. तीच फाइल लिब्रेऑफिस या लिखाणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर ५८,०००. दोन संध्याकाळी गेल्या तेव्हा कारण सापडलं. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या सांकेतिक खुणांत, शब्द पकडायचं जे तयार चिन्ह आहे, बॅकस्लॅश डब्ल्यू, ते पायथॉनच्या मूळ मॉड्यूलमध्ये अक्षरं आणि अंकच शब्दाचा भाग धरतं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडच्या (लिप्यांतल्या चिन्हांना कॉम्प्युटरसाठी क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) हिशेबानं 'अक्षरं' नाहीत, जोडचिन्हं आहेत. त्यामुळे 'पुस्तक' या एका शब्दाचे 'प', 'स' आणि 'तक' असे तीन शब्द होतात. 'कादंबरी'चेही तीन: 'क', 'द', 'बर'. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत तेच चिन्ह फक्त इंग्रजी अक्षरांपुरतं चालतं, म्हणून तिथं उत्तर शून्य येतं.

मग मी देवनागरीचा अख्खा पट्टाच शब्द म्हणून धरला. तर त्या पट्ट्यात दंडही बसतो, आणि जोडाक्षर घडवायला लागणारी अदृश्य जोडचिन्हं त्याच्या बाहेर राहतात, म्हणून काही शब्द पुन्हा मधोमध तुटले. शेवटी जे चाललं ते सगळ्यात साधं होतं: मोकळ्या जागेवर तोडायचं, दोन्ही टोकांची विरामचिन्हं झाडायची, उरलेलं मोजायचं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये शब्दसंख्या दिसत असेल तर आधी हे तपासून बघा. तुमचे ४०,००० शब्द खरंच तेवढे आहेत का, ते आधी कळू द्या.

अक्षरं मोजण्यातही असाच घोळ आहे. 'क्षत्रिय' आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये त्यात आठ चिन्हं आहेत आणि युटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीनं साठवला तर चोवीस बाइट. 'क्ष' किंवा 'त्र' हे एकच अक्षर आहे हे अक्षरं तोडण्याच्या मूळ नियमात यायला २०२३ साल उजाडलं, युनिकोड १५.१ मध्ये. त्याआधीच्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, जोडाक्षर हलन्तापाशी तोडतात. तुम्ही कादंबरीसाठी हे काही वापरणार नाही, पण प्रोग्रॅममध्ये 'पहिली शंभर अक्षरं दाखव' असं काही असेल तर शेवटचं अक्षर अधूनमधून पाय मोडून दिसेल, त्याचं कारण हे.

खरी गरज पडते ती शोधाला. सव्वादोनशे पानांत माझ्या कादंबरीतल्या गोदाक्काच्या हातातल्या पाटल्या मी कुठं कुठं लिहिल्यात, आणि एका ठिकाणी त्या बांगड्या झाल्यात का, हे डोळ्यांनी शोधून सापडत नाही. इथं मराठीच्या दोन गोष्टी आड येतात. पहिली, 'दुसऱ्या'मधला तो अर्धा ऱ. तो दोन प्रकारे टाइप होतो: एक ऱ या वेगळ्या वर्णाला हलन्त लावून, दुसरा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. माझ्या फोनचा कीबोर्ड एक प्रकार लिहायचा आणि घरचा कॉम्प्युटर दुसरा, म्हणून 'दुसऱ्या' शोधलं की निम्मी वाक्यं सापडायचीच नाहीत. 'ॲ'चंही तसंच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. जुन्या फाइलींत तो अ वर चंद्र ठेवून लिहिलेला असतो. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करणं, या दोन्ही जोड्या एक करत नाही. ते आपण स्वतः करायचं, शोधायच्या आधी, मजकुरावरही आणि शोधशब्दावरही. दोन बदलांच्या दोन ओळी पुरतात.

दुसरी गोष्ट सामान्यरूप. गोदाक्काच्या पुढं काहीही चिकटतं: गोदाक्कानं, गोदाक्काला, गोदाक्कासमोर, गोदाक्काशिवायसुद्धा. इथं सुरुवात जुळते का एवढं पाहिलं की भागतं. पण 'विहीर' शोधली तर 'विहिरीत' सापडत नाही, दीर्घाचा ऱ्हस्व झालेला असतो. सतारीचा 'भोपळा' पुढं 'भोपळ्याला' होतो, 'खुंटी'च्या 'खुंट्या' होतात. मी तेव्हा ठरवलं की मराठी सामान्यरूपाचं सगळं व्याकरण प्रोग्रॅमला शिकवायचं. मोठ्या हौसेनं चार महिने ते केलं. काम सुंदर होतं, त्यात मी भाषा म्हणून मराठीबद्दल पुष्कळ शिकलो, आणि त्या चार महिन्यांत कादंबरीचं एक पानही झालं नाही. शेवटी जे वापरात आलं ती एक साधी टेक्स्ट फाइल आहे: मला वारंवार शोधावे लागतात असे चाळीस शब्द आणि प्रत्येकापुढं त्याची मूळ अंगं, 'विहीर, विहिर', 'भोपळा, भोपळ्य', अशी हातानं लिहिलेली. ती करायला एक दुपार लागली. व्याकरणाचा प्रोग्रॅम मी जपून ठेवलाय, तो त्याच्या जागी मोलाचा आहे, पण कादंबरीनं तो मागितला नव्हता.

तुम्ही सगळं एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवत असाल आणि त्याचा फुल-टेक्स्ट शोध वापरत असाल तर एवढं बघा: मजकुराचे शब्द पाडणारा त्याचा मूळ टोकनायझरही काना-मात्रांना शब्दाबाहेर धरतो. जोडचिन्हांचे दोन वर्ग शब्दाचा भाग आहेत असं टेबल करतानाच सांगावं लागतं, नाहीतर शोध भलभलत्या ओळी आणून देतो.

तिसरं अवजार मला सगळ्यात उपयोगी पडलं ते तारखांचं. माझ्या गोष्टीत कोयनेचा भूकंप येतो, ११ डिसेंबर १९६७. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं की दुसऱ्या दिवशी रविवार म्हणून मुलं घरीच होती. भूकंप सोमवारी पहाटे झाला; दुसरा दिवस मंगळवार. त्याच भूकंपात नऊ वर्षांची असलेली मुलगी १९८५ च्या प्रकरणात एकतीस वर्षांची झाली होती, ती सत्तावीसची असायला हवी. वीस ओळींची स्क्रिप्ट आहे. एका फाइलीत घटना आणि तारखा, दुसरीत पात्रं आणि जन्मसालं. स्क्रिप्ट वार आणि वयं छापून देते. ते मी पिवळ्या कागदावर छापून टेबलासमोर लावतो आणि लिहिताना मान वर करून बघतो.

हे तिन्ही प्रोग्रॅम मिळून दोनशे ओळींच्या आत आहेत, आणि प्रत्येकाच्या मागं खर्ड्यातली एक खरी अडचण आहे. तुम्हाला मला हेच सांगायचंय: कादंबरीनं काम सांगावं आणि मग प्रोग्रॅमनं ते करावं. तुमचं गेल्या वर्षी उलटं झालंय. प्रोग्रॅमला नकाशा हवा म्हणून प्रकरण थांबलंय.

यावर माझा उपाय वेळेच्या वाटणीचा आहे. सोमवार ते गुरुवार सकाळी पावणेसहा ते पावणेसात फक्त कथा, इंटरनेट बंद. प्रोग्रॅमला शनिवारची दुपार. आठवड्यात लिहिताना जे अडतं, 'हे शोधता आलं असतं तर', 'हे आपोआप झालं असतं तर', ते वहीच्या मागच्या पानावर टिपायचं आणि लिहीत राहायचं. शनिवारी वही उघडली की त्यातल्या बऱ्याच तक्रारी विरून गेलेल्या असतात. मंगळवारी जे फार जरुरीचं वाटलं होतं ते का वाटलं हेही आठवत नाही. जी तक्रार शनिवारपर्यंत टिकते तिच्यासाठी कोड लिहायचा. सकाळची वेळ तुम्हाला जमणार नसेल, लहान मूल असेल, शिफ्ट असेल, तर दुसरी वेळ शोधा. पण दोन कामांचे दिवस वेगळे ठेवा. तासांची वाटणी मोडते, दिवसांची टिकते, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र आजच करा, बाकी सगळं नंतर वाचा. तुमचे ते ४०,००० शब्द तुमच्याच प्रोग्रॅमच्या डेटाबेसमध्ये असतील तर आज रात्री ते बाहेर काढा, साध्या टेक्स्ट फाइलींत, एका प्रकरणाला एक फाइल. २००९ मध्ये माझ्या तीन कथा मी स्वतः ठरवलेल्या फॉरमॅटमध्ये होत्या. हार्ड डिस्क गेली. बॅकअप होता, पण तो वाचणारा प्रोग्रॅम ज्या लायब्ररीवर चालायचा ती नव्या मशीनवर बसेना. दोन कथा तुकड्यातुकड्यांनी परत जुळवल्या. तिसरी गेली. ती कशाबद्दल होती हे मला माहीत आहे, पण तिची वाक्यं गेली ती गेलीच. त्या दिवसापासून खर्डा नेहमी साध्या टेक्स्टमध्ये, आणि प्रोग्रॅम तो फक्त वाचतो. खर्ड्यात लिहायची परवानगी कुठल्याही प्रोग्रॅमला नाही.

त्या फाइली गिटमध्ये, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल जपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ठेवा. तुम्ही ऑफिसात रोज वापरताच, कथेसाठी दोनच बदल लागतात. गिट फरक ओळीगणिक दाखवतं आणि आपला परिच्छेद ही एकच लांब ओळ असते, त्यामुळे एक स्वल्पविराम हलवला तरी अख्खा परिच्छेद बदललेला दिसतो. म्हणून एका ओळीत एकच वाक्य लिहायचं. फॉरमॅट बदलून देणारं पॅनडॉक पुढं वर्ड किंवा ईपब (ई-पुस्तक) करताना ती वाक्यं जोडून परिच्छेद करतं. त्याचा मला न मागता मिळालेला फायदा असा की लागोपाठ सात वाक्यं एकाच लांबीची झाली की ते डोळ्याला लगेच दिसतं. दुसरं, फाइलींना मराठी नावं द्यायची असतील तर कोअर डॉट कोटपाथ ही सेटिंग बंद करा, नाहीतर 'प्रकरण'च्या जागी ३४०, २४४ असले आकडे दिसत राहतात.

फॉन्टबद्दल थोडक्यात. ईपबमध्ये भाषा मराठी आहे हे नोंदवा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथं ल आणि श मराठी वळणाचे येतील. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मला वाचायला आवडतो. काही प्रकाशक अजून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत मजकूर घेतात किंवा स्वतः त्यात बदलून घेतात. तसं झालं तर प्रुफं दोनदा वाचा. माझ्या एका कथेत बदलताना प्रत्येक ऱ्य मोडला होता.

आता पत्राबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात जवळचा भाग तो आहे.

प्रगतीची नोंद आणि मित्रांना पत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद उद्याच्या स्वतःसाठी असते. दररोज काम संपवून उठायच्या आधी पाच मिनिटं, तीन ओळी: कुठं थांबलो, पुढं काय, काय खटकतंय. किती केलं ते त्यात लिहायचं नाही. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "गोदाक्का दुकानाच्या पायरीवर. तिला आत बोलवायचं की नाही ठरत नाही. उद्या तिच्या बाजूनं एकदा लिहून बघ. तंबोऱ्याच्या भोपळ्याबद्दलचा परिच्छेद लांबलाय." दुसऱ्या सकाळी ही वाचली की आठ मिनिटांत मी त्या पायरीवर असतो. नोंद नसते तेव्हा पाऊण तास मागचं वाचण्यात जातो आणि वाचता वाचता मागचीच वाक्यं घासत बसतो. प्रोग्रॅमसाठी मी एक टेस्ट मुद्दाम नापास ठेवून उठतो, पुढच्या शनिवारी तीच सांगते कुठून सुरू करायचं. कथेसाठी वाक्य अर्धं ठेवून उठतो.

पत्रात प्रोग्रॅमबद्दल मोकळेपणानं लिहा. प्रोग्रॅम सांगितल्यानं सुधारतो. कुणीतरी म्हणतं की हे आधीच तयार मिळतं, कुणी चूक दाखवतं. कथा सांगितल्यानं मात्र तिची ओढ कमी होते. २०११ मध्ये मी एका कथेचा शेवट चहा पिताना मित्राला सांगितला. त्याला फार आवडला, आम्ही तासभर त्यावर बोललो. ती कथा मी पुढं कधीच लिहू शकलो नाही. सांगायची जी निकड होती ती त्या टेबलावर भागली होती. म्हणून कादंबरीबद्दल तुमच्या पत्रात एकच ओळ असते याची खंत करू नका, ती ओळ कशाची आहे एवढं बघा. 'काम चालू आहे' ही ओळ कुणाच्याच कामाची नाही. 'चौदावं प्रकरण उभं राहिलं, पंधरावं सुरू' ही चालेल. शोधलेली एखादी गोष्ट सांगा: सतारीचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात हे मला कळलं तेव्हा मी ते सगळ्यांना कळवलं होतं. कथानक सांगू नका. सुटे तुकडे वाचायलाही देऊ नका. एक वाचक निवडा, खरं बोलणारा, आणि पूर्ण खर्डाच त्याच्या हातात द्या.

शब्दसंख्या पत्रात लिहायचा मोह होईल. सॅन फ्रान्सिस्कोत १९९९ मध्ये एकवीस जणांनी महिन्याभरात कादंबरी लिहायचा जो उपक्रम सुरू केला, तो पुढं जगभर पसरला आणि नोव्हेंबरमध्ये ५०,००० शब्द हा आकडा त्यानं रूढ केला. चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण आकडा लोकांच्या डोक्यात राहिलाय. पहिला खर्डा पुढं ढकलायला आकडा खरंच मदत करतो. पण तो इंग्रजीचा आहे. आपल्याकडे 'दुकानासमोरच्यालासुद्धा' हा एक शब्द आहे. इंग्रजीत त्याचे सहा-सात होतील. रोजच्या १,६६७ शब्दांच्या मापानं मराठी लिहायला बसलात तर विनाकारण आपण मागं आहोत असं वाटत राहील. माझं माप बैठकीला ४०० शब्द आहे, आणि प्रसंग पुरा झाला असेल तर ३०० वरही मी उठतो.

शेवटापर्यंत जायची सवय कशी लागते हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण तीन वर्षांत तुमची एकही कथा पुरी झालेली नाही असं प्रश्नावरून दिसतं. कोडच्या बाबतीत नोकरी तुम्हाला दर दोन आठवड्यांनी काहीतरी पुरं करायला लावते, कथेच्या बाबतीत तसं कुणी नाही. आपल्याकडे त्यासाठी दिवाळी अंक आहेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत कथा लिहिणाऱ्यांना पावसाळा म्हणजे कथा पुरी करायचे दिवस. बहुतेक संपादकांना जुलै-ऑगस्टपर्यंत मजकूर हातात हवा असतो. कादंबरी बाजूला न ठेवता, शुक्रवारच्या सकाळी घेऊन, ३,००० शब्दांची एक वेगळी कथा लिहा आणि पाठवा. कादंबरीचा तुकडा कापून पाठवू नका. कथा छापून येवो न येवो, शेवटचं वाक्य लिहून फाइल पाठवताना जे हाताला कळतं ते पुढं कादंबरीच्या शेवटाशी उपयोगी पडतं. माझ्या पहिल्या चार कथा परत आल्या. पाचवी लिहिताना शेवटाची भीती गेली होती.

दोन्ही छंद एकत्र आणायची फारच इच्छा असेल तर ट्वाइन बघा, २००९ पासून आहे, फुकट आहे. वाचकानं पर्याय निवडत पुढं जायची गोष्ट त्यात करता येते आणि ती ब्राउझरमध्ये उघडत असल्यानं देवनागरीला अडचण येत नाही. फाटे मात्र लवकर परत जुळवा. पाच ठिकाणी दोन-दोन वाटा ठेवल्यात आणि एकही जुळवली नाहीत तर बत्तीस शेवट लिहावे लागतात.

तुमच्या प्रोग्रॅमचं काय करायचं, तर त्याचा आजचा नमुना गिटमध्ये टॅग लावून ठेवा. मग गेल्या तीस दिवसांत खर्ड्यावर काम करताना त्यातलं काय खरंच उघडलंत त्याची यादी करा. तेवढंच मेन्यूत ठेवा, बाकीचं झाका. माझा अंदाज आहे की शोध आणि तारखा उरतील.

आणि नकाशा. जुन्या नाशिकचा नकाशा वहीच्या पानावर पेन्सिलीनं काढा: भद्रकाली, रविवार कारंजा, नदी, वाडा, टांगा जिथून नाशिकरोडला निघतो ती जागा. अर्ध्या तासाचं काम आहे, चुकलं तर खोडता येतं. आजी टांग्यात चढायच्या आधी मागं वळून बघते का, किल्ल्या कुणाच्या हातात देते, तुळशीला पाणी घालून निघते की तसंच, हे कुठल्याच नकाशात नसतं आणि प्रकरण खरं तर तिथं अडलंय. उद्या नकाशाशिवाय बसा. ती दारात उभी आहे, टांगेवाला हाक मारतोय, तिथून पहिलं वाक्य लिहा. या महिन्याच्या पत्रात कादंबरीची ओळ असू दे: "आजी निघाली."